बाबा गेले, कुठे ते विचारा

माझ्या ‘जय भीम’ला लोक हसायचे. म्हणजे तोंडाने नाही, तोंडाला कष्ट पडतात. ती पिवळी गोल इमोजी असते ना, हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारी, ती टाकायचे. रोज सकाळी काका आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहायचे, ‘जय भीम. सुप्रभात.’ खाली मी लिहायचो, ‘जय भीम काका.’ आणि माझ्या खाली एखाद-दुसरा पिवळा हसरा.

का, तर मी जोकर. मी नकला करतो. मी राहतो त्या इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या स्टेशनवरच्या अनाउन्समेंटची करतो, माझ्या मॅनेजरची करतो, इथल्या नगरपालिकेच्या, म्हणजे कौन्सिलच्या, फोनवर आपल्याला लटकवून ठेवणाऱ्या त्या गोड बाईची करतो. शाळेत असताना हेडमास्तरांच्या आवाजात शेजारच्या वर्गाला सुट्टी देऊन टाकली होती. वर्धेकडच्या आमच्या तालुक्याच्या गावात अजून माझी तेवढीच ओळख आहे. इथे आलो, आयटीत चिकटलो, ग्रुपवर व्हॉइस नोट टाकायला लागलो आणि मंडळाने ठरवून टाकलं, हा काही बोलला की हसायचं. ‘ताप आलाय, कुणाकडे गोळी आहे का’ विचारलं तरी हसरे. ठीक आहे, तेवढं चालतं. पण ‘जय भीम’मध्ये विनोद कुठे आहे, हे मला आजपर्यंत कुणी दाखवून दिलेलं नाही. माझी आई फोन उचलते तीच ‘जय भीम’ म्हणून. ती काही मला हसवायला उचलत नाही.

काकांच्या मेसेजखाली तर हसराही नसायचा. काहीच नसायचं. निळ्या टिक दिसायच्या, म्हणजे वाचलंय सगळ्यांनी. मग थोड्या वेळाने कुणीतरी गुलाबाच्या फुलावर देव बसवलेला गुड मॉर्निंगचा फोटो टाकायचं आणि त्याच्याखाली जोडलेल्या हातांची ही लांब रांग. हात होते, बरं का, सगळ्यांना. जोडताही यायचे.

एकदा ग्रुपच्या ॲडमिननी मला बाजूला मेसेज करून कळवलं, ‘काकांना तुम्ही जवळचे आहात. ग्रुपवर धार्मिक-राजकीय नको, एवढं सुचवावे.’ मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, ‘अबे, हा नमस्कार आहे. त्यानं नमस्काराले उत्तर नाही देल्लं तरी चालते. पण नमस्कार करू नका म्हणते, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकून राहिलो.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत, ‘जय भीम. सुप्रभात.’

काका मूळचे नागपूरचे. तरुणपणी लंडनला आले, बसच्या डेपोत मेकॅनिक होते, एजवेअरला संसार केला. काकू वारल्या तसे मुलीकडे रीडिंगला राहायला आले. मी इथे नवा होतो तेव्हा ग्रुपवर लिहिलं होतं, ‘राहायला खोली हवी, अर्जंट.’ सगळ्यांनी लिंक पाठवल्या. इतक्या लिंक, इतक्या लिंक, की मला वाटलं काय माया आहे माणसांत! काकांनी काहीच पाठवलं नाही. ते गाडी घेऊन माझ्या हॉटेलच्या दारात आले. ‘बस बे,’ म्हणाले. ‘लिंकवर झोपतो काय?’ पुढे मला खोली मिळेपर्यंत त्यांच्या सोफ्यावर मी होतो. तर काका म्हणजे माझ्यासाठी हे.

त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. तिचं मराठी ऐकाल तर जीव लावाल. ‘माझा चप्पल कुठे गेला?’ ‘तो बाई मला खूप छान बोलला.’ माझी नक्कल ती करायची, मी तिची करायचो, आणि काका दोघांना शिव्या द्यायचे. ग्रुपवर ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, तेही फक्त बाबांसाठी, कारण बाबा गाडीत असले की फोन बघत नसत आणि मग ‘काका कुठे?’ याला उत्तर हिलाच द्यावं लागायचं.

एकदा तिने लिहिलं, ‘बाबा गेला शॉपमध्ये.’ लगेच खाली एक चांदणी आणि चांदणीपुढे दुरुस्ती: ‘*गेले. वडिलांना आदरार्थी!’

ही चांदणी टाकणारी आमच्या मंडळातली एक ताई. हिच्या घरी जाल तर बिनबोलावता जेवायला वाढेल, डबा भरून देईल आणि डबा परत मागणार नाही. समोर कुणाचं मराठी चुकलं तर मान हलवून समजून घेईल. पण हातात फोन आला की त्याच बाईच्या अंगात परीक्षक येतो. ‘पानी’ लिहा, ‘*पाणी’. ‘शुभेछ्या’ लिहा, ‘*शुभेच्छा’. कुणाचं बाळ जन्मलं असू दे, कुणाचा व्हिसा नाकारला असू दे, चांदणी पडणारच. मुलगी मला म्हणायची, ‘तो स्टार बघितली की माझी पोट दुखतो यार.’ पण तिने ते ‘गेले’ पाठ केलं. बाबांसाठी ‘गेले’. पक्कं.

इथूनच सगळं बिघडलं.

मंडळाचा कार्यक्रम होता, रविवारचा, लंडनच्या स्टॅनमोरकडच्या एका हॉलमध्ये. गाणी, नाच, मग माझ्या नकला, मग चहा. चहा म्हणजे काका. त्यांच्याकडे स्टीलचा मोठा बॉयलर आहे, डेपोतल्या लोकांनी निरोपाला दिलेला. कार्यक्रम कुठलाही असो, काका घरून मसाला कुटून नेणार आणि त्या बॉयलरमध्ये चहा करणार. चहाला कधी कुणी धार्मिक-राजकीय म्हटलं नाही.

त्या सकाळी काकांनी बॉयलर गाडीत ठेवला, कोट काढून त्याच्याभोवती गुंडाळला म्हणजे तो हलायला नको, आणि कोटाच्या खिशात फोन तसाच राहिला. दारातून ओरडले, ‘येतो गं!’ आता, आपल्या घरांत बाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. आपल्याला त्यात काही वाटत नाही. पण ही पोर लहानपणापासून विचारत आलीय, ‘बाबा, तू तर चालला ना? मग येतो का बोलतो?’ तिला ते कधी पटलंच नाही. तिच्या हिशेबाने जो घराबाहेर पडला तो गेला.

तेवढ्यात ग्रुपवर ॲडमिननी विचारलं होतं, ‘चहाची व्यवस्था? काका?’ त्याच्यावर पार्किंगचे, पोरांच्या कपड्यांचे, माइक कोण आणणार याचे ढीगभर मेसेज पडले. ही ड्यूटीवर पोचली, प्रश्न दिसला, घाईघाईत टाइप केलं आणि फोन लॉकरमध्ये टाकून वॉर्डात निघून गेली.

‘बाबा गेले.’

बघा, काय वाक्य आहे. लिंग बरोबर. वचन बरोबर. आदर बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक निर्दोष मराठी वाक्य लिहिलं, आणि त्याने माणूस मारला. नेहमीसारखं ‘बाबा गेला’ नाहीतर ‘बाबा गेली’ लिहिलं असतं तर लोक हसले असते आणि सोडून दिलं असतं.

आमच्या ग्रुपात एक पहिला नंबर आहे. फायनान्समध्ये आहे, स्टॅनमोरलाच राहतो. समोर भेटला तर हॅलो म्हणायला त्याला ढकलावं लागतं, बुटांकडे बघून बोलतो. पण ग्रुपवर वाढदिवस असो, निकाल असो, मरण असो, पहिला मेसेज त्याचा. मला वाटतं त्याच्याकडे तयारच असतात. तर पोरीचा मेसेज पडला न पडला तोच याने टाकलं, ‘भावपूर्ण श्रध्दांजली. काका म्हणजे मंडळाचा आधारवड.’ सोबत दिव्याचं चित्र.

झालं. एकाने श्रद्धांजली वाहिली म्हटल्यावर बाकीचे काय मागे राहतात? ‘विश्वासच बसत नाही.’ बसत नाही तर फोन कर ना, भल्या माणसा! ‘कालच तर बोललो होतो.’ खोटं, साफ खोटं. काल काकांनी ‘जय भीम’ लिहिलं होतं आणि तू गुलाबावरचा देव टाकला होतास. ‘हसतमुख व्यक्तिमत्त्व.’ ‘निःस्वार्थी समाजसेवक.’ ‘काकूंच्या भेटीला गेले.’ एकाने विचारलं, ‘मग चहाचं काय?’ आणि मी आईशप्पथ सांगतो, मधेच चांदणी पडली. ‘*श्रद्धांजली. द ला ध.’

शेवटी ॲडमिन. आता हा माणूस घरी इतका गरीब आहे की कुठला स्वेटर घालायचा हे बायकोला विचारतो. पण ग्रुपवर उतरला की मंत्रालय. ‘अत्यंत दुःखद. कार्यक्रमापूर्वी दोन मिनिटे शांतता पाळण्यात येईल. पार्किंग हॉलच्या मागील बाजूस आहे, कृपया नोंद घ्यावी.’

मी हे सगळं ट्रेनमध्ये वाचलं. रीडिंगहून निघालो होतो, स्लाऊ स्टेशन यायचं होतं. आधी वाटलं कुणीतरी दुसरे काका. मग मुलीचा मेसेज वर जाऊन बघितला. फोन केला, तिचा उचलला जाईना. काकांना केला, नुसता वाजत राहिला. परत केला. परत. पॅडिंग्टन येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडलो, आणि समोरच्या इंग्लिश बाईने टिश्यूचं पाकीट माझ्याकडे सरकवलं. तिने नाव विचारलं नाही, आधारवड म्हटलं नाही. नुसतं पाकीट.

हॉलमध्ये पोचलो तर सगळे उभे. नाचाचे कपडे घातलेली मुलं, नऊवारीतल्या बायका, स्टेजवर ॲडमिन माइकसमोर डोळे मिटून. शांतता सुरू झाली होती. मी मागच्या दाराशीच थांबलो आणि मान खाली घातली.

माझ्यामागे दार उघडलं. कुणीतरी काहीतरी जड, अगदी हळू, आवाज होऊ न देता जमिनीवर ठेवलं. मग माझ्या शेजारी येऊन उभं राहिलं. मला वेलचीचा वास आला.

मी मान न हलवता बघितलं. काका. हात जोडलेले, डोळे मिटलेले. हॉलमध्ये सगळे उभे दिसले म्हणून तेही उभे राहिले. कुणीतरी गेलंय, म्हणजे आपण उभं राहायचं, एवढं त्यांना पुरेसं होतं. कोण गेलं हे नंतर विचारता येतं.

थोड्या वेळाने कुजबुजले, ‘कोन गेलं बे?’

मी आधी त्यांचा दंड चाचपून बघितला.

‘बोल ना. जवळचं कोनी?’

‘तुम्ही,’ मी म्हणालो.

‘मी काय?’

‘तुम्ही गेलात, काका.’

त्यांनी मागे ठेवलेल्या बॉयलरकडे बघितलं. ‘मी तर चहा घेऊन आलो,’ म्हणाले.

शांतता संपली. ॲडमिननी डोळे उघडले, समोर बघितलं आणि माइकमध्ये एक आवाज काढला. त्या आवाजाची नक्कल मला अजून जमलेली नाही. सगळे वळले. एक बाई किंचाळली. आणि मग, काय झालं माहितीय? मला वाटलं होतं कुणीतरी धावत येईल, हात धरेल, रडेल. लोक हसायला लागले. आधी एक, मग अख्खा हॉल. टाळ्या. ॲडमिन म्हणाले, ‘चला मंडळी! काकांचं आयुष्य वाढलं! आणि चहा पण आला!’ पहिल्या नंबरने बुटांकडे बघत बघत काकांसोबत सेल्फी काढला. ताईने काकांना ताटभर खायला आणून दिलं, अगदी प्रेमाने. खोटं नाही सांगणार, प्रेमानेच.

मी विचारलं, ‘तिला कुणी कळवलं का?’

‘कुणाला?’ पहिला नंबर म्हणाला.

‘यांच्या मुलीला! तुम्ही सगळ्यांनी तिच्या वैयक्तिक नंबरवर पण पाठवलंत ना, दुःखात सहभागी, दुःखात सहभागी?’

‘अरे, पण तिनेच तर लिहिलं होतं. तिला माहितीच असणार ना.’

‘काय माहिती असणार?’

‘की नाही गेले.’

हे त्याचं लॉजिक. फायनान्समध्ये आहे.

मी तिला फोन लावत राहिलो, एंगेज. तर तिकडे हॉस्पिटलात काय झालं ते ऐका. ब्रेकमध्ये तिने लॉकर उघडला. फोनवर मेसेजच मेसेज. एखाद-दुसरा शब्द सोडला तर देवनागरी तिला वाचता येत नाही, दिवे आणि जोडलेले हात तेवढे दिसले. एक मेसेज इंग्रजीत होता, ‘सो सॉरी फॉर युअर लॉस, काका वॉज अ जेम.’ बाबा मोटरवेवर आहेत हे तिला माहीत होतं. बाबा फोन उचलत नव्हते. आपण सकाळी काय लिहिलं हे तिच्या डोक्यातही नव्हतं. तिला वाटलं ॲक्सिडेंट झाला, पोलिसांनी मंडळाला कळवलं, आणि आपल्याला सगळ्यात शेवटी कळतंय. ती लॉकररूमच्या फरशीवर बसून राहिली. तिचं एक वाक्य मला आठवतं, नंतर सांगताना बोलली: ‘मी विचार केला, त्याने येतो बोलला होता. मग तो आली का नाही?’

तिला उठवलं एका माणसाने. आमच्या ग्रुपमध्ये एक मुका आहे. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधलाच, रीडिंगलाच राहतो. म्हणजे बोलता येतं त्याला, पण ग्रुपवर त्याने आजवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. अंगठासुद्धा नाही. दिवाळीला नाही, कुणाच्या बारशाला नाही. लोक म्हणायचे, ॲटिट्यूड आहे. मीही त्याची नक्कल करायचो, नुसता गप्प बसून, आणि ती फार हिट होती. तर या माणसाने ‘बाबा गेले’ वाचलं आणि काही न लिहिता गाडी काढून काकांच्या घरी गेला. दाराला कुलूप. त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, ‘हे कुठे गेले?’

कुठे गेले. एवढंच. अख्ख्या ग्रुपात हा एक प्रश्न एकाला सुचला, आणि तो त्याने ग्रुपवर नाही, कुंपणावरून विचारला. शेजारी म्हणाला, सकाळी शीळ घालत एक मोठी स्टीलची टाकी गाडीत ठेवत होते. मुक्याला कळलं. मुलीचा फोन एंगेज लागत होता, म्हणून तो तडक हॉस्पिटलात गेला, रिसेप्शनला विचारत विचारत तिच्यापर्यंत पोचला आणि म्हणाला, ‘काका चहा घेऊन स्टॅनमोरला गेलेत. बरे आहेत.’ मग म्हणे बराच वेळ तिच्या शेजारी फरशीवर बसून राहिला. अर्थातच काही न बोलता.

संध्याकाळी ग्रुपवर ॲडमिनचं परिपत्रक आलं. ‘आज एका सदस्येने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे सर्वांना मनस्ताप झाला. ग्रुपवर जबाबदारीने लिहावे. सदर सदस्येस काढण्यात येत आहे.’ खाली अंगठे. चांदणीवाल्या ताईने लिहिलं, ‘म्हणून सांगत असते, भाषा महत्त्वाची. निघाले आणि गेले यात फरक आहे.’ अहो ताई, ‘गेले’ तुम्हीच शिकवलं होतं तिला!

आणि मग डिलीट सुरू झालं. मी बघत होतो. आधारवड डिलीट. हसतमुख डिलीट. निःस्वार्थी डिलीट. स्क्रीनभर नुसतं ‘हा मेसेज काढून टाकला आहे’, ‘हा मेसेज काढून टाकला आहे’. माणूस जिवंत निघाल्याबरोबर त्याचे सगळे गुण परत घेतले. राहिला फक्त तो एक, ‘मग चहाचं काय?’ तो डिलीट करायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी: ‘जय भीम. सुप्रभात.’ निळ्या टिक. काही नाही. मेलेल्या काकांना वाकून वाकून नमस्कार घालणारे हात, जिवंत काकांसमोर खिशात. मी लिहिलं, ‘जय भीम काका.’ खाली पिवळा हसरा. पहिल्या नंबरचा.

माझं डोकं फिरलं. मी ऑफिसच्या जिन्यात गेलो आणि व्हॉइस नोट सुरू केली. आधी पहिल्या नंबरच्या आवाजात, शब्द गिळत: ‘जय भीम जय भीम जय भीम, मी पहिला ना?’ मग ताईच्या, नाकातून, लाडाने: ‘जय भीम, काका. दोन्ही शब्द शुद्ध आहेत, दुरुस्ती नाही.’ मग ॲडमिन: ‘जय भीम. काका जिवंत आहेत, कृपया नोंद घ्यावी. पार्किंग मागील बाजूस.’ एकेक करून मी सगळ्यांना बोलायला लावलं. जे त्यांच्या तोंडून वर्षानुवर्षं निघालं नव्हतं ते त्यांच्याच आवाजात काढलं. आणि शेवटी माझ्या आवाजात बोललो. ‘आता नक्कल संपली. ती पोरगी काल फरशीवर बसली होती, बाप मेला समजून. तुमच्यातल्या एकानेही तिला सॉरी म्हटलेलं नाही. म्हणा. आणि तिला परत घ्या.’

पहिल्यांदाच खाली एकही हसरा आला नाही.

ॲडमिनचा फोन आला. फोनवर तो परत गरीब. ‘अरे, मला पर्सनली काही नाही रे. काकांबद्दल मला किती रिस्पेक्ट आहे तुला माहितीय.’

‘मग लिहा की.’

‘नाही, म्हणजे लोक...’

‘कोण लोक?’

‘ग्रुप रे. ग्रुपचं एक वातावरण असतं.’

‘ग्रुप म्हणजे कोण? तुम्ही, मी, ताई, तो बुटांकडे बघणारा. वातावरण कुणाच्या घरी राहतं?’

‘तू ती नोट काढून टाक. लोक दुखावलेत.’

‘तिला परत घ्या, काढतो.’

‘बघतो,’ म्हणाला, आणि त्याने ताबडतोब मलाच काढलं.

संध्याकाळी मी काकांकडे गेलो. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. चिडली होती, माझ्यावर नाही, सगळ्यांवर. ‘मी आता कधी मराठी टाइप नाही करणार,’ ती म्हणाली. ‘नेव्हर. आणि बाबा, तू पण लीव्ह कर. आताच्या आता.’

काका माझी व्हॉइस नोट ऐकत होते. दुसऱ्यांदा. चष्मा कपाळावर.

‘ताई झकास जमली,’ म्हणाले. ‘ॲडमिन पन. पन हा पहिला नंबर तू फारच गोड केला बे. तो इतक्या खुशीनं नाही म्हननार.’

‘काका, मी मरणाचा चिडलोय आणि तुम्ही मार्क देताय!’

‘चिडलास ना, ते ऐकू आलं. शेवटी. तिथं आवाज तुझा होता.’

‘बाबा, लीव्ह कर ना,’ ती परत म्हणाली. ‘त्यांना तू नको आहे. फक्त तुझी चहा पाहिजे.’

काकांनी चष्मा नाकावर ओढला आणि एका बोटाने टाइप करायला लागले. त्यांचं बोट एकेका अक्षरासाठी फोनभर फिरतं. आम्ही दोघं त्यांच्या खांद्यावरून बघत होतो, कारण आता आम्हा तिघांत तेच एक आत होते. कितीतरी वेळाने मेसेज गेला.

‘जय भीम. काल मी गाडी चालवत होतो, त्यामुळे माझ्याबद्दल जे चांगले लिहिले गेले ते वाचायचे राहिले. नंतर ते डिलीट झाले असे कळते. तरी ज्यांनी ज्यांनी लिहिले होते त्यांनी कृपया पुन्हा पाठवावे. आणि माझ्या मुलीची चूक काय ते मला शिकवावे. तिने बाबा गेले लिहिले. मी गेलो होतो.’

एवढ्या नकला करून मी जे केलं नव्हतं ते या माणसाने ‘कृपया’ घालून केलं होतं.

टिक निळ्या झाल्या. वर अक्षरं आली, ॲडमिन टाइप करतोय. गेली. परत आली. गेली. पहिला नंबर टाइप करतोय. थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तयार मेसेज सापडत नव्हता. ताई टाइप करतेय. बराच वेळ. मला वाटलं, आता चांदणी पडणार. पडली नाही. तीही थांबली.

‘हे लोक काय करतात?’ मुलगी म्हणाली.

‘शब्द शोधून राहिले,’ काका म्हणाले.

मग एक मेसेज आला. नंबर ओळखीचा नव्हता, कारण त्या नंबरवरून कधी काही आलंच नव्हतं. मुका.

‘जय भीम काका. मी तेव्हाही काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे पुन्हा पाठवायला काही नाही. तिची चूक नव्हती. मी तिथे होतो. सॉरी.’

मुलीने मला तो मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला, त्याच्या आवाजात नाही, कारण त्याचा आवाज कसा आहे ते माझ्या लक्षातच नव्हतं. माझ्याच आवाजात वाचला. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘सॉरी का तो बोलतो? तो तर एकटीच आला होता.’

‘एकटाच,’ मी म्हणालो.

‘यू आर नॉट अ स्टार,’ ती म्हणाली, आणि पायाने माझ्या खुर्चीला लाथ मारली.

त्यानंतर काही आलं नाही. वर ती टाइप करतोयची अक्षरं येत होती, जात होती. ज्या बोटांनी दोन मिनिटांत आधारवड उभा केला होता त्याच बोटांना आता एक वाक्य जमत नव्हतं. मला अजून राग आहे, तो याचाच आहे. शिवी दिली असती तरी मी समजलो असतो. यांना फक्त मेलेल्या माणसाशी बोलता येतं. मेलेला उलट नमस्कार करत नाही, उलट काही मागत नाही, ते सोपं पडतं.

‘बाबा, बस झालं,’ ती म्हणाली. ‘लीव्ह कर. प्लीज.’

काकांनी फोन टेबलावर उताणा ठेवला, स्क्रीन वर करून, म्हणजे येईल ते दिसेल. बॉयलर अजून तसाच सिंकशेजारी पडला होता. तो त्यांनी पुढ्यात ओढला आणि आतून घासायला लागले.

‘मी कुठंच जात नाही,’ म्हणाले.